उन्हाचं यंत्र, ढगाचं यंत्र

आज माझ्या घरची चूल पेटते ती शेख वाहेद यांच्यामुळे. मेहकरचे शेख वाहेद, रेडिओवाले. त्यांचं नाव आधीच लिहून टाकतो. पुढचं सांगताना माझी जीभ अडखळेल, मी मधूनच पळही काढीन. नाव तरी राहून जायला नको.

तर या वाहेदचाचांना वस्तूंवर चिठ्ठ्या लावायचं वेड होतं.

आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या पत्र्याच्या अवाढव्य शेडमध्ये, एक घड्याळ होतं. चांगलं चालायचं. त्याच्याखाली चाचांची चिठ्ठी: ‘केवळ माहितीपुरतं. यावर विसंबून विमान सोडू नये.’ वर इंग्रजी, मधे हिंदी आणि तळाला बारीक अक्षरात मराठी. कर्नाटकातल्या त्या मुलखात मराठी वाचणारे आम्ही दोघंच. चाचा स्वतः लिहिणारे, म्हणजे ती ओळ एकट्या माझ्यासाठी होती. कॅलेंडरवर चिठ्ठी: ‘सण बरोबर. पावसाचं भविष्य माहितीपुरतं.’ शेडमध्ये एक भटकं कुत्रं राहायचं, चंद्र दिसला तरी भुंकायचं. चाचांनी त्याच्या गळ्यात पत्र्याचा तुकडा बांधला होता: ‘भुंकतो. चोर असेलच असं नाही.’

जगातल्या सगळ्या गोष्टींचे चाचांनी दोन ढीग केले होते. एक माहितीपुरत्या, दुसऱ्या भरवशाच्या. पहिला ढीग डोंगराएवढा. त्यात टीव्हीवरच्या बातम्या होत्या, मॅनेजर होता, मोबाईलवरचं हवामान होतं, आणि मीही होतो.

“चाचा, तुमचं लग्न?” मी एकदा विचारलं होतं.

“झालं होतं बे. माहितीपुरतं,” ते म्हणाले. हातातला तारेचा तुकडा सोलून झाल्यावर पुढे म्हणाले, “एक वर्ष. मंग बायको वारली.”

माझं गाव पिंपळगाव राजा. आठवीत शाळा सोडली. घरच्या कपाशीवर सलग दोन वर्षं बोंडअळी पडली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, बायको होती, एक मुलगी होती. एका ठेकेदारासोबत कर्नाटकात रंगकामाला आलो. या खासगी धावपट्टीवरची शेड रंगवली. काम संपल्यावर ठेकेदार पुढच्या गावी गेला, आणि मी रंगाचा डबा पायावर सांडून घेऊन शिव्या देत तिथेच उभा राहिलो. त्या शिव्या ऐकून विमानाच्या पोटाखालून एक पांढरी दाढी बाहेर आली.

“कोन्या गावचा बे तू?”

“पिंपळगाव राजा.”

“काऊन रडून राह्यला?”

“रडत नाही. पाय भाजून राह्यला.”

“पायानं रडते का कोनी?” असं म्हणून त्यांनी मला रॉकेलचं फडकं दिलं आणि मॅनेजरकडे नेऊन सांगितलं, “मेरे गांव का है. सफाई करेगा.” त्यांचं मेहकर आणि माझं पिंपळगाव यांच्यामध्ये दोन एसट्या बदलाव्या लागतात. पण तितक्या लांबून बघितलं की सगळा बुलढाणा जिल्हा एकच गाव होतो. मला काम मिळालं. विमानं पुसायची, शेड झाडायची, चाचांना हत्यारं द्यायची.

चाचा मेहकरच्या बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्त करत मोठे झाले. आयटीआय केलं, मग परीक्षा देत देत विमानातल्या रेडिओपर्यंत आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्रांपर्यंत पोहोचले. त्यांनी यंत्र तपासून कागदावर सही केली तरच विमान उडायचं. सही उर्दूत. सापानं अंग आखडून घ्यावं तशी. ती करण्याआधी ते हात साबणानं धुवायचे. मी हसलो तर म्हणाले, “हसू नको. ह्या सहीखाली चार मानसं बसतात.”

आता जीपीएसचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याचंच आहे.

तिथे येणारे विमानांचे मालक म्हणजे मोठी मंडळी. स्वतःचं चार जणांचं विमान, जशी आपल्याकडे मोटरसायकल. त्यातले एक मालक परदेशातून वापरलेलं जीपीएस स्वस्तात घेऊन आले आणि चाचांना म्हणाले, बसवून टाका. चाचांनी ते उलटं केलं, मागची पत्र्याची पट्टी वाचली आणि परत सुलटं केलं.

“सेठ, ये धूप का है. बादल का नहीं.”

मालक म्हणाले, शेजारच्या विमानात हुबेहूब असंच आहे. नकाशा तोच, उपग्रह तेच. फरक फक्त कागदाचा.

“हां सेठ, कागज का ही फर्क है,” चाचा म्हणाले. “निकाह में भी कागज का ही फर्क होता है.”

मालक हसले नाहीत. शेवटी यंत्र बसवलं, पण चाचांनी त्याच्याखाली बोटभर लांबीची एक पिवळी पट्टी चिकटवली. इंग्रजीत होती. अर्थ असा की हे यंत्र फक्त स्वच्छ हवेत, बाहेर बघून उडताना वापरावं. ही चिठ्ठी मात्र चाचांच्या वेडातली नव्हती, नियमातली होती. आयुष्यभर चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसाची हीच एक चिठ्ठी सरकारला मान्य होती म्हणा ना.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. जेवताना विचारलं, “चाचा, ऊन काय, ढग काय, यंत्र तर सारखंच दिसते.”

“ऊन असलं का पायलट खिडकीतून पाहते. नदी दिसते, रस्ता दिसते. यंत्र खोटं बोललं तरी डोळे हायेत. ढगात डोळे नाहीत. तिथं यंत्र सांगन ते खरं. म्हून ढगाचं यंत्र सरकारनं पास करेल पाह्यजे. ते बसवलं कोनी, तार कोनती, अँटिना कुठं, समदं विमानाच्या फायलीत लिहेल पाह्यजे. आन् त्यातला नकाशा दर अठ्ठावीस दिवसांनी नवा भरला पाह्यजे.”

“धावपट्ट्या काय महिन्याले जागा बदलतात?”

“टॉवर उभे राह्यतात बे. रस्ते बदलतात. जुन्या नकाशाचं यंत्र म्हनजे मेलेल्या मानसाले पत्ता इचारनं.”

“मंग एवढं समदं असलं का भरवशाचं?”

चाचांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. “नाही. भरवशाचं कोनतं, सांगू? जे स्वतःहून सांगते का आता माह्यावर भरवसा ठेवू नको, ते. पाह्य, चार उपग्रह मिळून सांगतात का तू इथं हायेस. पन त्या चौघात एखादा खोटं बोलून राह्यला का नाही, हे पाहाले पाचवा लागते. पाचवा भेटला नाही, का ढगाचं यंत्र बत्ती लावते. म्हनते, बाप्पा, मले आता खात्री नाही. तुह्यं तू पाह्य. उन्हाचं यंत्र बत्ती लावत नाही. ते हासत हासत तुले डोंगरात नेऊन घालते.”

“मानसातही असते असं.”

“मानसाले बत्तीच नाही,” चाचा म्हणाले आणि तुकडा तोंडात घातला.

इथून पळ काढावासा वाटतो. पण लिहितो.

आमच्याकडे फवारणीच्या औषधाचा डबा रिकामा झाला की बाया तो राखेनं घासतात. वरची चिठ्ठी, तो धोक्याचा रंगीत चौकोन, नखानं खरवडून काढतात. चिठ्ठी निघाली की डबा साफ झाला असं धरून चालतात आणि त्यात पाणी भरून वावरात नेतात. त्या डब्यातलं पाणी पिऊनच मी वाढलो. मेलो नाही, म्हणून तर हे लिहितो आहे. चिठ्ठी म्हणजे घाण आणि कोरा पत्रा म्हणजे स्वच्छ, हे माझ्या बोटांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

पावसाळ्याचे दिवस होते. त्या मालकांच्या मुलीचा साखरपुडा घाटापलीकडे समुद्राकाठच्या गावी होता; मुलगी आधीच तिकडे पोहोचली होती. मॅनेजर आदल्या दिवशी म्हणाला, “गजानन, एकदम चकाचक.” मी विमान बाहेरून धुतलं. आत शिरलो. खुर्च्या, पट्टे, काचा. मग समोरच्या फळीवर ती पिवळी पट्टी दिसली. कडा सुटलेल्या, मधे काळा डाग. एवढ्या चकचकीत विमानात तेवढंच घाण. थिनरचं फडकं लावलं, नखानं खरवडली. पाच मिनिटांत फळी आरशासारखी झाली. पट्टीवर इंग्रजी होतं आणि इंग्रजी मला येत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण ती चाचांनी लावताना मी शेजारी कात्री धरून उभा होतो. ती कशाची, हे त्यांनी मला भाकरी खाताना समजावलं होतं. बोटं चालू असली की डोकं चालत नाही, एवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग शेडच्या पत्र्यावर टेकले होते. नेहमीचा पायलट रजेवर. एका दिवसापुरता बोलावलेला एक तरुण पायलट आला, बोलायला गोड. त्यानं यंत्र पाहिलं, खाली पट्टी नाही हे पाहिलं, आणि मॅनेजरला विचारलं, “बादल में चलेगा ना ये?”

“सब अप्रूव्ड है सर,” मॅनेजर म्हणाला. मॅनेजरला यंत्रांतलं माझ्यापेक्षाही कमी कळायचं, फक्त त्याचा शर्ट चांगला होता.

पायलटनं फाईल मागितली. फाईल चाचांच्या कपाटात, किल्ली चाचांकडे, चाचा आठ वाजता येणार. तेव्हा सव्वासात झाले होते. मालक भिंतीवरच्या त्या घड्याळाकडे बघत होते. मुहूर्त चुकेल म्हणाले. मालकीणबाई आणि त्यांची बहीण आत जाऊन बसल्या, मांडीवर मिठाईची खोकी. पायलट दोनदा शेडच्या दाराशी जाऊन आला, मग तोही बसला.

विमानाच्या नाकावरचा पंखा फिरायला लागला तेवढ्यात चाचा सायकलवरून आले. वर पाहिलं, पंख्याकडे पाहिलं.

“गज्या, हे कुठं चाललं बे?”

“घाटापलीकडं. साखरपुड्याले.”

“ह्या ढगात?”

ते सायकलवरून उतरलेच नाहीत. तसेच धावपट्टीच्या वाटेवर गेले, विमानाच्या समोर बऱ्याच अंतरावर सायकल आडवी उभी केली, स्टँड लावला, मागच्या कॅरिअरवर बसले, डबा उघडला आणि जेवायला लागले. विमान पुढे येत होतं. चाचा वांग्याच्या भाजीतली मिरची बाजूला काढत होते. मला वाटलं, संपलं.

पंखा थांबला. दार उघडून मालक ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, पण चाचांच्या आईपासून सुरुवात होती.

“नाश्ता कर रहा हूं सेठ,” चाचा म्हणाले. “बादल हटने तक चलेगा.”

पायलट उडी मारून आला. चाचांनी त्याला बोटानं आकाश दाखवलं, मग विमान दाखवलं. “साहब, आपके सामने जो डिब्बा है, वो धूप का है.”

“पर वहां लिखा तो कुछ नहीं!”

चाचांनी डबा बंद केला. पंखावर पाय देऊन चढले, आत वाकून पाहिलं. मालकीणबाईंच्या मांडीवरून हात घालून त्या गुळगुळीत फळीवरून बोट फिरवलं. ते बोट नाकाशी नेलं. मग तिथूनच वळून माझ्याकडे बघितलं. मी शेडच्या दारात उभा होतो, आणि माझी नखं तेव्हाही पिवळी होती.

पायलटनं फाईल बघितली, खिशातून पेन काढलं आणि तिथेच लिहायला बसला. ढग दुपारी हटले. साखरपुडा मालकांशिवाय झाला. मालकीणबाई मोबाईलवर बघून पुष्कळ रडल्या म्हणे. जिवंत होत्या म्हणून रडता आलं, हे काही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते वेगळंच. नियमाची पट्टी गेली कुठे? पायलटनं वर, विमान खात्याला, लिहून दिलं होतं, त्यामुळे हँगर चालवणाऱ्या आमच्या कंपनीला कोणीतरी माणूस दाखवणं भाग होतं. दुपारी तीन वाजता मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही सगळे उभे. मॅनेजरनं विचारलं, पट्टी कोणी काढली?

माझ्या तोंडात शब्द आला होता. खरं सांगतो, दातांपर्यंत आला होता. मग मला पिंपळगाव दिसलं, मुलीची शाळेची चप्पल दिसली, आणि शब्द मागे गेला.

“मैंने निकाली,” चाचा म्हणाले. “नई लगानी थी. रह गई.”

मॅनेजरला खरं कळलं असणार. माझ्या हातात अजून फडकं होतं. पण झाडूवाल्याची चूक दाखवून मालकाचं समाधान होत नाही. त्यासाठी मोठा माणूस लागतो, आणि दाढी पांढरी असली तर अजून चांगलं. ज्या माणसानं चौघांना वाचवलं त्याच्याच विरुद्ध, चौघांना धोक्यात घातल्याचा कागद तयार झाला. चाचांनी तो वाचला, एक शब्द चुकीचा लिहिला होता तो दुरुस्त करून दिला आणि सही केली. मला आठवतं, त्या दिवशी त्यांनी हात धुतले नाहीत.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यामागे धावलो. “चाचा, मी...”

“गप. नखं पाह्यली म्या तुही.”

“मंग काऊन?”

“माह्यापाशी सही होती, ते गेली. तुह्यापाशी तर जायलेही काही नाही बे.”

हे लागलं. अजून लागतं. त्यात माया होती हे मला फार उशिरा कळलं.

कंपनीनं त्यांचा सही करायचा अधिकार काढून घेतला. सही नसलेल्या माणसाला तिथे खुर्ची नव्हती. आठवड्यात एक ट्रंक घेऊन ते गेले. त्यांच्या जागी आलेला नवा माणूस फार चांगला आहे, सगळ्या कागदांवर सही करतो. एका रविवारी त्यानं भिंतीवरच्या चिठ्ठ्या मलाच खरवडायला लावल्या. मी खरवडल्या. मालकांनी पुढच्या महिन्यात ढगाचं पास केलेलं यंत्र बसवून घेतलं, आणि येईल त्या पाहुण्याला दाखवतात, म्हणतात, आम्ही पहिल्यापासून नियमानं चालणारी माणसं.

पुढच्या वर्षी पोळ्याला सुटी मिळाली. पिंपळगावला दोन दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवशी खामगाववरून मेहकरला गेलो. माफी कशी मागायची याची गाडीत तालीम करत होतो. बसस्टँडसमोर विचारलं, “वाहेदचाचा रेडिओवाले?” पानवाला म्हणाला, “आता पंपवाले. भांडनाचा आवाज येते का नाही, तिकडं जा.”

आवाज येतच होता. एवढ्याशा दुकानात फवारणीचे पंप टांगलेले, प्रत्येकाच्या मानेला चिठ्ठी. ‘तपासला. वॉशर नवा. गळत नाही. शे. वाहेद.’ एका बाजूला दुसरे: ‘गळतो. पाठीवर घेऊ नये. मी घेऊ देणारही नाही.’ समोर एक शेतकरी कपाळाला हात लावून उभा.

“चाचा, पंप द्या. अळी काय तुमच्या चिठ्ठीसाठी थांबते?”

“अळी थांबत नाही. इषही थांबत नाही. पाठीवरून खाली उतरते.”

“थेंबभर गळते हो!”

“थेंबभरच गळते. पन कुठं गळते? तुह्या कंबरेवर. दिवसभर. उद्या ये.”

“माह्या पंप, माही पाठ!”

“पाठ तुही. वॉशर माह्या. उद्या ये.”

तो शिव्या देत गेला. चाचांनी मला पाहिलं, कपडे पाहिले, बूट पाहिले, आणि “बस” म्हणाले. मी तालीम केलेलं सगळं एका श्वासात बोलून टाकलं. म्हणालो, परत जाऊन खरं लिहून देतो.

“काय होईन? माही सही वापस येनार नाही, तुही नोकरी जाईन. एकाचं नुकसान झालं ते दोघाचं करतोस?” त्यांनी माझ्या हातात पाना दिला. “हे धर.”

माफीचा विषय संपला. त्यांना तो सुरूच करायचा नव्हता.

दुपारी चाचांची वडिलोपार्जित शेती असलेल्या खेड्यातला एक माणूस आला, बबन नावाचा. पंप खाली ठेवून म्हणाला, “चाचा, माह्याच हाये. संध्याकाळच्या गाडीनं नेतो.” आणि चहाला निघून गेला. चाचांनी पंप उचलला, पट्टे हातात घेऊन मोजल्यासारखे केले.

“हा बबनचा नाही,” ते म्हणाले. “रशीदचा हाये. माह्या लहान्या भावाचा. पाह्य, डावा पट्टा आखूड. लहानपनी झाडावरून पडला होता, तवापासून डावा खांदा उतरेल हाये त्याचा.”

“मंग ते स्वतः काऊन नाही आले?”

चाचांनी झाकण उघडलं. पंपाकडेच बघत सांगितलं. बीटी कपाशीच्या पिशवीत तेव्हा एक लहान पुडी यायची, साध्या कपाशीच्या बियाची. ती वेगळी, शेताच्या कडेनं लावायची असते. अळीनं तिथं खावं म्हणजे ती बीटीला लवकर सरावत नाही. चाचा तेव्हा पेरणीला सुटीवर आले होते. गावात त्यांचा मान, विमानं दुरुस्त करणारा माणूस. “रशीद म्हने, भाई, ये क्या है? म्या म्हनलं, बीच हाये ना, फेकू नको, मिसळून टाक. वाचलंही नाही बे. पुडीवर मराठीत लिहेल होतं. इंग्रजीत असतं तर वाचलं असतं म्या.”

अळी सगळ्यांच्याच शेतात पडली, ज्यांनी पुडी कडेनं लावली त्यांच्याही. पण पंचनाम्याला साहेब आले, रशीदला विचारलं, तो खरं बोलला. साहेबांनी गावासमोर लिहिलं: बियाणं मिसळलं, शेतकऱ्याची चूक, भरपाई नाही.

“रशीदचा फोन आला होता हँगरात. भाई, साहेबाले सांग, मिसळाले तू सांगतलं होतं. माह्या शब्दाले तिथं वजन होतं. म्या म्हनलं, पाहतो. आन् फोन ठेवून देला. लाज वाटली मले. त्यानंतर तो बोलला नाही. पुढं काही वर्सांनी कंपन्यांनीच ते बी पिशवीत मिसळून इकाले सुरुवात केली. छापेल येते तसं पिशवीवर. म्या ते पिशवी रशीदकडं धाडली. त्यानं चुलीत घातली.”

मी हातातला पाना पुसून त्यांच्यापुढे धरला. बोलणारा माणूस मी नव्हतोच.

तो पंप चाचांनी पूर्ण खोलला. सगळी वॉशरं नवी टाकली, नळी बदलली, डावा पट्टा जिथे झिजला होता तिथे आतून कापसाची गादी शिवली. पाणी भरून तासभर टांगून ठेवला. मग मला पाठीवर घ्यायला लावला आणि बसस्टँडपर्यंत तीन चकरा मारायला लावल्या. लोक बघून हसत होते, बूटपँटवाला माणूस पंप घेऊन कुठे चालला म्हणून. प्रत्येक चकरेला चाचा माझ्या शर्टावरून मागे हात फिरवायचे. कोरडा. तिसऱ्या वेळी म्हणाले, “आता तू पाह्य.” मी स्वतः झाकण, नळी, तळ, सगळं बोटानं तपासलं.

त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘तपासला. गळत नाही.’ आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“सही तू कर.”

“मी?”

“माह्यं नाव दिसलं तर चिठ्ठीसंगं पंपही फेकीन तो.”

मी सही केली. आठवीतल्या पोरासारखं अख्खं नाव, एकेक अक्षर सुटं. चाचांनी शाईवर फुंकर मारली आणि चिठ्ठी पंपाला स्वतः बांधली.

संध्याकाळी बबन आला. चाचा त्याच्यासोबत गाडीपर्यंत चालत गेले, मीही मागे. पंप खिडकीतून आत देताना म्हणाले, “बबन, फवारनाऱ्याले सांग, तोंडाले फडकं बांध म्हना. आन् वाऱ्याच्या तोंडी उभा राहू नको म्हना.”

“मीच फवारनार हाये ना, चाचा.”

“हाव,” चाचा म्हणाले. “तुलेच सांगतो.”

गाडी निघून गेली. ते वळणापर्यंत बघत राहिले, मग मला म्हणाले, तुझीही गाडी लागली असेल, जा.

चाचा, मी बाहेरून दहावीचा फॉर्म भरला आहे. त्यापुढचं, तुमच्यासारखं आयटीआय आणि विमानाच्या परीक्षा, लांब आहे, ते जमेलच असं नाही. आजच कंपनीत जाऊन खरं का सांगत नाही, असं कोणी विचारलं तर खरं कारण सांगतो. मुलगी सातवीला आहे आणि मला भीती वाटते. पण ज्या दिवशी माझ्या सहीखाली कोणी निर्धास्त बसेल, त्या दिवशी पहिला कागद तुमचा. ‘पट्टी मी काढली, शेख वाहेद यांनी नाही’ असं लिहीन, खाली नाव घालीन आणि स्वतःच्या हातानं त्या केबिनमध्ये नेऊन देईन. तेव्हा तिथे तुम्हाला ओळखणारं कोणी उरलं नसलं तरी देईन. आणि त्याची एक प्रत घेऊन मेहकरला येईन, दोन एसट्या बदलून.